चाळीस श्रोत्यांची बैठक: घरगुती मैफलींविषयी नागपुरातील एका प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रतापनगरातील आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर २४ फूट लांब, १६ फूट रुंद आणि १० फूट उंच असा दिवाणखाना रिकामा पडून आहे. तिथे दर महिन्याला चाळीस-पन्नास रसिकांसाठी बैठक भरवावी आणि तीत शास्त्रीय गायनाबरोबर गझल, कव्वाली, खंजिरी भजन, भीमगीते, गिटारवर स्वतःची गाणी गाणारी नवी मुले, जमल्यास जॅझ, असे सगळे यावे, अशी आपली आणि वहिनींची इच्छा आहे. त्यासाठी ध्वनियंत्रणा कोणती घ्यावी, माणसे किती बसवावीत, मानधन कसे ठरवावे आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी नागपुरात अशा बैठका भरवीत आलो आहे. धरमपेठेतील दिवाणखाने, महालातील एका जुन्या वाड्याचा सोपा (पुढची ओसरी), मनीषनगरातील सदनिका, अशा नाना जागी हे काम केले आहे आणि त्यात चुकाही पुष्कळ केल्या आहेत. त्या अनुभवावरून पहिलीच गोष्ट सांगतो: ध्वनियंत्रणा घेऊ नका. आपल्या खोलीत जो गायक किंवा जे वाद्य माइकशिवाय नीट ऐकू येते, ते आपल्या बैठकीचे आणि जे येत नाही ते सभागृहाचे, एवढा एकच निकष धरला तर आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळत जातात. आपण संगीताच्या प्रकारांची यादी आधी केली आहे आणि ती खोलीत कशी बसवावी हे नंतर विचारले आहे. मी तो क्रम उलटा करण्याचा सल्ला देईन.

हा निकष हट्टाचा नाही. आपल्याकडील ख्याल, ठुमरी, धृपद हे सारे ध्वनिवर्धक येण्याच्या आधी, दरबारात किंवा खासगी बैठकीत, हाताच्या अंतरावर बसलेल्या श्रोत्यांसमोर घडलेले संगीत आहे. युरोपातही चेंबर म्युझिक म्हणजे शब्दशः खोलीतले संगीत. व्हिएन्नात १८२० च्या दशकात शूबर्टची गाणी मित्रांच्या घरी भरणाऱ्या मैफलींतून प्रथम ऐकली जात होती. अलीकडचे उदाहरण आपण स्वतः दिले आहे, ते वॉशिंग्टनमधील एनपीआर या रेडिओ संस्थेच्या टायनी डेस्क कॉन्सर्टचे. त्याचा उगम आपल्या कामाचा आहे. २००८ साली त्या संस्थेतील बॉब बॉइलन आणि स्टीफन थॉम्पसन हे दोघे ऑस्टिन शहरातील एका महोत्सवात लॉरा गिब्सन या गायिकेला ऐकायला गेले, परंतु श्रोत्यांच्या गलबल्यात त्यांना तिचे गाणे ऐकूच आले नाही. त्यावर, हिला आपल्या कचेरीतच गायला बोलवावे, असे विनोदाने बोलले गेले आणि काही आठवड्यांनी ती खरोखरच बॉइलन यांच्या टेबलापाशी गायली. तिथे आजही गाणाऱ्याचा आवाज खोलीत ध्वनिवर्धकातून मोठा केला जात नाही. त्यामुळे साथीदारांना गायकाच्या नैसर्गिक आवाजाखाली वाजवावे लागते, आणि रॅप, लोकसंगीत, जॅझ, पॉप असे कितीतरी प्रकार त्या एका टेबलामागे नांदू शकतात, त्याचे मुख्य कारण मला हेच वाटते. आपण त्या चित्रफितींतील पुस्तकांची कपाटे आणि प्रकाशयोजना यांविषयी विचारले आहे. त्याऐवजी तिथला ढोलकवाला किंवा ड्रमवाला किती हलक्या हाताने वाजवतो, याकडे लक्ष द्यावे.

आता आपल्या खोलीकडे येतो. तिचे क्षेत्रफळ ३८४ चौरस फूट आहे. कलाकारांच्या गादीला ८ फूट बाय १० फूट जागा सोडली की सुमारे ३०० चौरस फूट उरतात. मांडी घालून बसणाऱ्या माणसाला सहा चौरस फूट लागतात. कागदावर पन्नास माणसे बसतात, पण येण्याजाण्याची वाट आणि मागे भिंतीलगत गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी आठ खुर्च्या धरल्या तर आकडा चाळिसावर येतो. चाळीस हाच आकडा पक्का ठेवावा आणि एकेचाळिसाव्या माणसाला, तो कितीही जवळचा असला तरी, पुढच्या महिन्याचे निमंत्रण द्यावे.

कलाकारांना १६ फुटांच्या आखूड भिंतीशी बसवण्याचा मोह होतो, कारण तसे केले की सभागृहासारखे दिसते. तसे करू नका. त्यांची गादी २४ फुटांच्या लांब भिंतीच्या मध्यावर घाला. असे केल्याने समोरचा शेवटचा श्रोता गायकापासून दहा-अकरा फुटांवर येतो आणि कडेचे श्रोते अर्धवर्तुळात दोन्ही बाजूंना पसरतात. आखूड भिंतीशी बसवले तर तोच शेवटचा श्रोता वीस फुटांवर जातो. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे तेवढा उतरत नाही, पण हरकतींचे बारकावे, शब्दांची टोके आणि तानपुऱ्याच्या जवारीचा झंकार हे सारे त्या वाढीव दहा फुटांतच हरवते. चौरंग किंवा मंच घालू नये. फार तर चार इंचांची गादी पुरे, म्हणजे मागच्यांना हात आणि चेहरा दोन्ही दिसतात.

खोली ऐकण्यासाठी एक साधी परीक्षा आहे. सामान बाजूला करून मध्यभागी उभे राहा आणि एकदा खणखणीत टाळी वाजवा. टाळीनंतर टर्रर्र असा भराभर थरथरणारा आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये ध्वनी चेंडूसारखा आपटत आहे असे समजावे. आपल्या खोलीत गुळगुळीत मोठ्या फरशा, प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत आणि एका बाजूला काचेची सरकती दारे आहेत असे आपण लिहिले आहे, म्हणजे तो आवाज येणारच. त्यावर फोमचे त्रिकोणी तुकडे चिकटवण्याची गरज नाही. एका भिंतीला पुस्तकांचे कपाट लावा, कारण पुस्तकांची कमीअधिक खोली ध्वनीला विस्कटते. समोरच्या भिंतीवर दोन-तीन जाड गोधड्या भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून टांगा आणि काचेच्या दारांवर चुण्या पडतील असे जाड पडदे ओढा. वाड्यांतील सोपे चांगले वाजतात, त्यामागे लाकडी तुळया, कडीपाट आणि खांबांच्या कडा हेच कारण आहे.

पण सर्वांत मोठा फरक माणसे पाडतात. वॉलेस सबाइन या प्राध्यापकांना १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहाचा घुमारा कमी करण्याचे काम मिळाले. त्यांनी रात्री शांतता झाल्यावर शेजारच्या नाट्यगृहातून गाद्या उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या वाढवत ऑर्गनच्या नळीचा सूर विरायला किती वेळ लागतो हे मोजले आणि त्यातून घुमाऱ्याचे गणित मांडले. त्याच गणिताने आपली रिकामी खोली पाहिली तर तिचा घुमारा दोन-अडीच सेकंद निघतो. दोन सेकंदांत द्रुत लयीतले बोल एकमेकांत कालवले जातात. त्याच खोलीत चाळीस माणसे सतरंजीवर बसली की तो पाऊण सेकंदाच्या आसपास येतो आणि बोललेला शब्द, तबल्याचा ‘तिरकिट’ आणि मींड हे तिन्ही स्वच्छ ऐकू येतात. म्हणून रिकाम्या खोलीत दुपारी सराव करताना कलाकार कुरकुरला तर घाबरू नका, परंतु ‘रात्री बरे होईल’ एवढे सांगून गप्पही राहू नका. गाद्या, रजया, उशा, जे घरात असेल ते त्या वेळी खोलीत आणून पसरा, म्हणजे त्याला रात्रीचा अंदाज येतो.

नागपूरच्या हवेविषयी मला सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण पुण्या-मुंबईचे सल्ले इथे लागू पडत नाहीत. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतील एप्रिलची एक बैठक सांगतो. उकाडा फार होता, म्हणून आम्ही दारात मोठा कूलर लावला आणि गायक स्थिरस्थावर होईपर्यंत तो चालू ठेवला. तबलावादकाने काळी एकमध्ये तबला मिळवून ठेवला होता. विलंबित ख्यालाला दहा मिनिटे झाली नाहीत तोच चाटेचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, सूर खाली घसरू लागला, कारण कूलरने खोलीत जी ओल आणली ती पुडीच्या कातड्याने शोषली होती. त्याने डाव्या हाताने ठेका धरून उजव्या हाताने हातोडी घेतली आणि समेच्या अलीकडच्या मोकळ्या जागी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, एक एक ठोका द्यायला सुरुवात केली. सूर चढला. मग आवाज होतो म्हणून कोणीतरी कूलर बंद केला, खोली पुन्हा कोरडी आणि गरम झाली, कातडे ताणले गेले आणि तबला आता पेटीच्या वर गेला. पेटीचा सूर त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. पुढचा तासभर तो वादक गट्टे, म्हणजे वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे, खालीवर करीत राहिला, गायकाचे निम्मे लक्ष त्याच्या हातोडीकडे राहिले आणि एवढ्या लहान खोलीत प्रत्येक ठोका प्रत्येकाला ऐकू आला. चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की खोलीची हवा कार्यक्रमाच्या दोन तास आधी जशी करायची तशी करावी आणि मग ती बदलू नये. उन्हाळ्यात कूलर वापरूच नये. वातानुकूलन असेल तर ते दुपारपासून चालू ठेवून खोली थंड करावी, गाणे सुरू होताना मंद करावे आणि त्याचा झोत वाद्यांवर पडणार नाही अशी पाती वळवावीत. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा उलटा प्रकार होतो: तारा आखडून तानपुरा चढतो, बासरीचा सूर उतरतो आणि दोघांचे जमत नाही. अशा वेळी कलाकारांनी वाद्ये गवसणीतून काढून निदान तासभर त्याच खोलीत ठेवावीत, आणि लोक येण्यापूर्वी व आल्यानंतर असे दोनदा मिळवावीत, कारण चाळीस माणसांच्या अंगाची ऊब खोलीची हवा खरोखरच बदलते.

मार्च ते जून या काळात संध्याकाळच्या बैठकी ठेवू नयेत, असे माझे मत आहे. त्याऐवजी पहाटेची ठेवावी. मे महिन्यात पावणेसहाच्या आत उजाडते, त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवता येतात, पंखा लागत नाही, रस्ता शांत असतो, आणि सभागृहांच्या संध्याकाळच्या वेळापत्रकामुळे जे राग ऐकायलाच मिळत नाहीत ते ललत, भैरव, रामकली, भटियार त्यांच्या वेळी ऐकायला मिळतात. साडेपाचला सुरू केलेली बैठक साडेसातला संपवून तर्री-पोहे आणि चहा दिला की लोक ऊन चढण्यापूर्वी घरी पोहोचतात. माझ्या अनुभवात वर्षातील सर्वांत एकाग्र श्रोते याच बैठकींना येतात, कारण पहाटे उठून आलेला माणूस फक्त ऐकण्यासाठी आलेला असतो.

प्रकारांविषयी आता लिहितो. सर्वांत आधी ज्या वाद्यांना मोठ्या सभागृहात न्याय मिळत नाही त्यांना बोलवा. सारंगीच्या पस्तीसच्या आसपास तरफा, म्हणजे न छेडता गुंजणाऱ्या तारा, सतारीच्या जातीच्या सुरबहारचा खर्ज, सरस्वती वीणेवरील गमक, हे सारे माइकमधून पोहोचते तेव्हा त्यातील अर्धे राहिलेले असते. नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी दाक्षिणात्य कुटुंबे आहेत, त्यांच्यात वीणा शिकलेली मंडळी भेटतात आणि त्यांना आपल्या समाजाबाहेर फारसे कोणी बोलावत नाही. आपल्या दिवाणखान्यात दहा फुटांवरून ऐकलेली वीणा हा बहुतेक मराठी श्रोत्यांना नवा अनुभव असेल. ख्याल आणि ठुमरी यांच्याविषयी वेगळे सांगायला नको. ज्या शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे वसंतराव देशपांडे यांनी गाण्याचे धडे घेतले, त्या शहरात त्याचे श्रोते शोधावे लागत नाहीत.

गझलेला खोली फार मानवते, कारण तिथे शब्द कानाशी पोहोचायला हवा. अट एकच की पेटी आणि तबला यांनी आपला आवाज शेराच्या खाली ठेवायला हवा. गायकाला आधीच विचारून, निवडलेल्या गझला त्याने गाण्यापूर्वी एकदा नुसत्या वाचाव्यात अशी विनंती करा. दुसरी ओळ येईपर्यंत खोलीत जी शांतता पसरते ती मोठ्या सभागृहात मिळत नाही.

कव्वालीबाबत मात्र सावध राहावे लागेल. ताजबागेच्या उरुसात जी कव्वाली ऐकली तीच दिवाणखान्यात होईल असे धरून चालू नका. आठ-नऊ जणांचे पथक, दोन पेट्या, ढोलक आणि टाळ्या यांचा एकत्रित आवाज १६ फुटांच्या खोलीत अंगावर येतो. तरीही ती वर्ज्य मानू नका, कारण कव्वालीत कव्वाल समोरच्या श्रोत्याच्या चेहऱ्याकडे पाहून ओळ फिरवतो, एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आले की तीच ओळ दहा वेळा घोळवतो आणि हे केवळ बैठकीतच शक्य आहे. चार-पाच जणांचेच पथक बोलवा, श्रोते तीसवर आणा, पहिली ओळ चार फूट मागे सरकवा आणि शक्य असेल तर ही बैठक गच्चीवर ठेवा. नजराण्याची प्रथा आपल्या श्रोत्यांना आधी समजावून सांगा. मध्येच उठून कलाकारासमोर आदराने पैसे ठेवणे हा तिथे रसभंग नसून दाद देण्याची रीत आहे.

भीमगीते आणि खंजिरी भजन यांना आपण यादीत स्थान दिले, याचा मला मनापासून आनंद झाला. दीक्षाभूमीच्या या शहरात भीमगीते वस्त्या-वस्त्यांतून, जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंचांवरून गायली जातात, परंतु ती नेहमी कर्ण्यांतून आणि खुल्या मैदानातच ऐकलेली असल्याने त्यातील गायकी कित्येकांच्या लक्षात येत नाही. त्या गायनावर कव्वालीची दाट छाया आहे, सवाल-जवाबाची रीत आहे आणि शब्दफेक अतिशय कमावलेली असते. एका ज्येष्ठ गायकाला मी प्रथम खोलीत, फक्त पेटी आणि ढोलकीवर ऐकले, तेव्हा त्यांच्या मुरक्या मला आयुष्यात पहिल्यांदा दिसल्या असे म्हणायला हरकत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भात घरोघरी पोहोचलेले खंजिरी भजनही असेच आहे. त्यात एक माणूस आणि एक वाद्य यांच्यातच सारा कार्यक्रम उभा राहतो. या कलाकारांना ‘लोककला’ म्हणून शास्त्रीय गायकाच्या आधी वीस मिनिटे बसवण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी दिसते ती कृपया टाळा. त्यांना पूर्ण संध्याकाळ द्या, तेवढेच मानधन द्या आणि तेवढ्याच शांततेने ऐका.

याच ओघात सांगतो: एका बैठकीत एकच प्रकार ठेवावा. तीन प्रकारांची मिसळ निमंत्रणपत्रिकेवर आकर्षक दिसते, परंतु कानाला एका आवाजाच्या पट्टीशी आणि गतीशी जुळायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. ते जुळते न जुळते तोच कलाकार बदलला तर कोणाचेच गाणे ऐकले जात नाही. विविधता वर्षभरात आणावी.

गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणाऱ्या मुलांची अडचण वेगळी आहे. ती माइकवरच गायला शिकली आहेत, त्यामुळे त्यांचा आवाज ओठांपाशीच राहतो आणि गिटार त्याच्यावर चढते. माझ्या नियमाला मी एवढ्यापुरता अपवाद करतो. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे गिटारसाठी लहान अँप्लिफायर असतो, ज्यात एक माइकही लागतो. तो गायकाच्या शेजारी जमिनीवर ठेवून फक्त आवाजाला टेकू मिळेल एवढाच उघडावा आणि गिटार तशीच वाजू द्यावी. त्याची वायर घरातील इन्व्हर्टरच्या बोर्डात लावू नका, कारण साध्या इन्व्हर्टरच्या विजेवर त्यातून सतत गुणगुण येते. अर्थिंग असलेल्या थेट बोर्डातच लावा. या मुलांना आणखी एक सांगा, की दोन गाण्यांच्या मध्ये ते गाणे कसे झाले हे दोन वाक्यांत बोला. समोर बसलेल्या साठीच्या श्रोत्याला तेवढा पूल पुरतो.

जॅझविषयी थोडक्यात: पूर्ण ड्रमसंच नको. त्याचा आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो, तर आपण समोरासमोर बोलतो तो सुमारे ६० असतो. दोन गिटार, किंवा गायिका आणि कीबोर्ड, फार तर त्यात ब्रशने वाजवलेला एक लहान ड्रम, एवढ्यावर ती बैठक उत्तम होते. सदर आणि मोहननगर भागातील ख्रिस्ती कुटुंबांत चर्चच्या गायनामुळे पाश्चात्त्य स्वरमेळाचा कान तयार झालेली मंडळी आहेत, तिथे चौकशी करावी.

शेजाऱ्यांचा प्रश्न आपण समजता तेवढा अवघड नाही, आणि यंत्रणा नसल्याने तो निम्मा आधीच सुटला आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तो उघड्यावर लावता येत नाही. शाळा, रुग्णालय किंवा न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत शासनाने जाहीर केलेले शांतता क्षेत्र असू शकते, तेवढे पाहून घ्या. संध्याकाळी साडेसहाला सुरू करून नऊपर्यंत संपवावे. पहाटेची बैठक तर पूर्णपणे माइकशिवायच ठेवावी. पहिल्या बैठकीला दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरांतील मंडळींना पहिल्या ओळीत बसवा. स्वतः तिथे बसून आलेला शेजारी दुसऱ्या महिन्यात गाडी लावायला आपले फाटक उघडून देतो. शेजारी आपल्याला त्रास देतील ही शक्यताही धरून चला. तारीख ठरवण्यापूर्वी पंचांगात लग्नाचे मुहूर्त पाहा, कारण तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्ताच्या दिवशी प्रतापनगरासारख्या भागात संध्याकाळी गल्लीतून वरात गेली तर भूपाचा आलाप तिथेच संपतो.

मानधनाचा हिशेब जमेपासून करू नका, खर्चापासून करा. कलाकाराला आणि साथीदारांना सन्मानाने काय द्यायला हवे ते आधी ठरवा, त्यात प्रवास, जेवण आणि सतरंज्या धुण्याचा खर्च मिळवा आणि मग त्याला चाळिसाने भागा. ५०० रुपये वर्गणी ठेवली तर २०,००० रुपये जमतात. एवढ्यात स्थानिक कलाकाराची बैठक निगुतीने होते, मोठ्या नावाची होत नाही आणि आपल्याला तिची गरजही नाही. बाहेरगावच्या कलाकारांसाठी नागपूरची जागा उपयोगी पडते. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे भोपाळहून हैदराबादला किंवा पुण्याहून रायपूरला कार्यक्रमासाठी जाणारा कलाकार वाटेत एक दिवस आपल्या घरी थांबायला बहुधा तयार होतो. स्वच्छ खोली, घरचे जेवण आणि मन लावून ऐकणारे चाळीस लोक मिळणार असतील तर त्याला केवळ प्रवासखर्चातला थोडा भाग आणि योग्य बिदागी पुरते.

साथीदारांचे मानधन वेगळ्या पाकिटात, त्यांच्या स्वतःच्या हातात, त्याच रात्री द्या. फार पूर्वी मी संपूर्ण रक्कम मुख्य कलाकाराकडे दिली होती आणि दुसऱ्या दिवशी बसस्थानकावर सोडताना पेटीवादकाने संकोचत सांगितले की त्याच्या वाट्याला रिक्षाभाड्याहून थोडे अधिक आले. त्या माणसाने आदल्या रात्री दोन तास गायकाच्या प्रत्येक श्वासामागे पेटी धरली होती. ती गोष्ट मी विसरू शकलेलो नाही.

वर्गणी प्रत्येक बैठकीची न घेता सहा बैठकींच्या हंगामाची एकदम घ्यावी. ख्यालाचा श्रोता गिटारच्या संध्याकाळी पैसे मोजून येत नाही, पण वर्गणी आधीच भरलेली असली की येतो, आणि आलेल्यांपैकी काही जण पुढच्या वेळी आपल्या नातवाला घेऊन येतात. विविध प्रकार एकाच घरात रुजवण्याचा यापेक्षा खात्रीचा मार्ग मला सापडलेला नाही.

कायद्याची एक बाजू राहिली. पारंपरिक बंदिशींवर कोणाचा हक्क नसतो, परंतु आधुनिक कवी-संगीतकारांच्या रचनांवर निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. सुरेश भट २००३ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गझलांवरील हक्क २०६३ अखेरपर्यंत आहे. वर्गणी घेऊन अशा रचना सादर होणार असतील तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे परवान्याची चौकशी करून ठेवावी. मुले स्वतःची गाणी गाणार असतील तर हा प्रश्न येत नाही.

ध्वनिमुद्रण करायचे असल्यास कलाकाराची लेखी संमती बैठकीच्या आधी घ्या, गाणे झाल्यावर नको, कारण दाद मिळालेल्या क्षणी माणूस नकार देऊ शकत नाही. गायकासमोर पाच-सहा फुटांवर दोन कंडेन्सर माइकची एक जोडी पुरते. कॅमेरा एकच, भिंतीशी, आणि मधून कोणी फिरायचे नाही. श्रोत्यांचे फोन दाराशी टोपलीत ठेवावेत असे मी सुचवतो. पहिल्या वेळी लोक थोडे नाराज होतात. चहा मध्यंतरातच द्यावा आणि तो कागदी पेल्यांत, स्टीलच्या नव्हे, चिवडा शेवटी.

सुरुवात नोव्हेंबरच्या अखेरीस करा, मुहूर्त नसलेला रविवार पाहून. पहिली बैठक एका गायकाची, दोन तानपुरे, तबला आणि पेटी, एवढीच असावी. त्याआधी एका संध्याकाळी दहा-बारा मित्रांना बोलवून सतरंज्यांवर बसवा, वहिनींना गादीवर बसून कोणतीही कविता हलक्या आवाजात वाचायला सांगा आणि आपण एकेका कोपऱ्यात जाऊन ऐका. काचेच्या दारापाशीच्या कोपऱ्यात शब्द पुसट वाटतील असा माझा अंदाज आहे. तसे झाले तर तिथे पडदा दुहेरी करावा लागेल, आणि बैठकीच्या दिवशी मी माझे तानपुरे घेऊन दुपारी तीनलाच येतो, म्हणजे दोघांना मिळून तो कोपरा पुन्हा एकदा ऐकता येईल.